फोनची वंशावळ

मंडळी, आपल्यात निम्मे लोक आयटीतले, त्यामुळे डेटाबेस म्हणजे काय हे सांगत बसत नाही. गोष्ट आहे 'वर्फल' नावाच्या एका फाइलीची.

१९९९ साली नोकिया ७११० हा वॅप फोन आला. पडदा ९६ गुणिले ६५ ठिपक्यांचा, काळा-पांढरा. २००२ साली त्याच कंपनीचा ७६५० आला तो रंगीत, १७६ गुणिले २०८ चा. एकाला झेपणारं पान दुसऱ्याला साजेना, आणि जुन्या फोनला जड पान पाठवलं तर ते उघडायचंच नाही. वेबसाइटला मिळायची ती ब्राउझरची ओळख सांगणारी 'यूजर-एजंट' ही एक ओळ. तीत नाव असे, गुण नसत.

ते गुण साठवायचे कसे? रिलेशनल डेटाबेसवर वाढलेला आपल्यासारखा माणूस आधी कोष्टक आखेल: फोनला एक ओळ, गुणाला एक रकाना. पण रकाने शेकडो, आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली की ओळखीची ओळही बदलायची. मग तीच माहिती पुन्हा पुन्हा लिहा! लुका पस्सानी आणि आंद्रेआ त्रासात्ती यांनी एक्सएमएलमध्ये वेगळी वाट काढली. प्रत्येक फोनच्या नोंदीत त्याचा 'बाप' कोण ते लिहायचं, आणि वेगळं असेल तेवढंच नोंदवायचं. आपण नाही का म्हणत, पोरगा बापावर गेलाय, फक्त नाक आईचं? गुण सापडला नाही तर बापाला विचारा, तिथे नाही तर आजोबांना. शेवटी मूळ पुरुष, 'सर्वसाधारण' फोन. त्याच्याकडे प्रत्येक गुणाचं उत्तर असतंच, बहुधा कमीत कमी धरून दिलेलं. मला यातलं हे सावध धोरणच सर्वांत आवडतं. अनोळखी फोनला साधं पान मिळतं, पण मिळतं.

माहिती मात्र देशोदेशीच्या प्रोग्रामरांनी पदरमोड करून भरली. २०११ साली पस्सानींनी सायंटियामोबाइल ही कंपनी काढली आणि परवान्याच्या अटी आवळल्या. रोजचा सांभाळ फुकट होत नाही हे खरं. पण सर्वांनी मिळून भरलेल्या कोठाराची किल्ली एकाकडे गेली, हे अनेकांना रुचलं नाही. मलाही नाही.

दरम्यान ती ओळखीची ओळच आटत गेली. २००७ च्या आयफोनपासून ॲपलच्या ओळीत नेमकं मॉडेल कळत नाही. २०२३ पर्यंत क्रोमनेही अँड्रॉइड फोनच्या मॉडेलच्या जागी नुसतं 'के' हे अक्षर ठेवलं. मॉडेल हवंच असेल तर साइटला आता ब्राउझरकडे ते वेगळं मागावं लागतं.