कोरीवकाम यंत्रांचे आरेखन सॉफ्टवेअर : निवड (रायगड किनारा)

लेझर किंवा फिरत्या टोचीच्या (रोटरी) यंत्राने अक्षर, चिन्ह वा नक्षी कोरण्याआधी त्यांच्या रेषा संगणकावर तयार करणारी आणि त्या रेषांचे यंत्राच्या हालचालीत रूपांतर करणारी प्रणाली. पहिल्या कामाला आरेखन म्हणतात, दुसऱ्याला मार्गनिर्मिती. काही सॉफ्टवेअर दोन्ही करतात, बहुतेक एकच नीट करतात. बाजारात ‘रोटरी’ हा शब्द आणखी एका अर्थाने चालतो : पेला किंवा बाटली फिरवत ठेवणारे लेझर यंत्राचे जोडउपकरण. या नोंदीत तो अर्थ अभिप्रेत नाही.

परदेशी मार्गदर्शिका सॉफ्टवेअर निवडताना यंत्राची ताकद, बेडचे (कामाच्या पृष्ठाचे) माप आणि किंमत पाहायला सांगतात. त्या रोमन लिपी गृहीत धरून लिहिलेल्या असतात. उरणपासून हरिहरेश्वरपर्यंतच्या किनाऱ्यावर पाट्या कोरणाऱ्याला मात्र पहिली कसोटी लावावी लागते ती देवनागरीची. यंत्र कितीही चांगले असले तरी सॉफ्टवेअरने शिरोरेषा तोडली की पाटी वाया जाते.

किनाऱ्याला कोरलेल्या अक्षरांचा शेजार जुना आहे. अलिबागजवळच्या आक्षी येथील गद्धेगाळावरच्या (शापचित्र कोरलेल्या शिळेवरच्या) मराठी शिलालेखाचा काळ शके ९३४ (इ. स. १०१२) असा वाचला जातो. कोर्लईच्या किल्ल्यात पोर्तुगीजांचे लेख आहेत आणि नवगाव परिसरात बेने इस्रायल समाजाच्या थडग्यांवर हिब्रू अक्षरे. आजची मागणी साधी आहे : बंगल्यांच्या आणि घरगुती निवासांच्या पाट्या, देवळातील देणगीदारांचे संगमरवरी फलक, शाळांची स्मृतिचिन्हे, रिसॉर्टच्या खोल्यांचे क्रमांक, होडीवर नाव रंगवण्यासाठी कापलेले साचे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी फलक बंधनकारक झाला आणि देवनागरी अक्षरांचा आकार इतर लिपीपेक्षा लहान नसावा असेही ठरले. तेव्हापासून इंग्रजी मोठे आणि मराठी कोपऱ्यात ही मांडणी दुकानांच्या पाट्यांपुरती तरी संपायला हवी.

शिरोरेषेची अडचण : देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर किंचित चढवलेली असते, म्हणजे पडद्यावर ती सलग दिसते. मजकुराचे बाह्यरेषांत रूपांतर केले (दुकानात याला ‘कर्व्ह करणे’ म्हणतात) की हे चढलेले तुकडे तसेच राहतात. कापायचे असेल तर लेझर प्रत्येक सांध्यावर आडवा जातो आणि अॅक्रिलिकचा शब्द सुट्या अक्षरांत गळून पडतो. भरीव कोरायचे असेल तर वेगळीच गंमत होते : अनेक सॉफ्टवेअर दोन आकार जिथे एकमेकांवर येतात ती जागा पोकळ मानतात, त्यामुळे शिरोरेषेत प्रत्येक अक्षरामागे एक न कोरलेली बारीक खिडकी राहते. उपाय म्हणजे सर्व आकार एकसंध करणे. कोरलड्रॉमध्ये यासाठी ‘वेल्ड’ आहे, इंकस्केपमध्ये ‘युनियन’, तर लेझर चालवणाऱ्या लाइटबर्नमध्ये मजकुराच्या पट्टीवरच वेल्डची कळ दिलेली आहे. कोरलमध्ये ‘कम्बाइन’ आणि ‘वेल्ड’ यांची गल्लत नेहमी होते. कम्बाइन आकार एकत्र करते पण चढलेला भाग पोकळच ठेवते. नवशिक्याच्या पाटीवर त्या खिडक्या दिसल्या तर कारण बहुधा हेच असते.

एकसंध शिरोरेषेचा फायदाही आहे. रोमन नाव कापले की अक्षरे एकेक करून चिकटवावी लागतात. ‘मुरुड’ पूर्ण एका तुकड्यात निघतो. सुटतो तो अनुस्वार. ‘रेवदंडा’ कापला की टिंब वेगळे पडते, म्हणून ते अक्षराला बारीक पुलाने जोडावे लागते किंवा मागे पट्टी द्यावी लागते. होडीच्या साच्यात उलट संकट येते : व, ब, प यांच्या पोटातला भाग गळतो, तिथेही पूल हवा. हे पूल हाताने टाकता येण्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये बिंदू-संपादन सोयीचे असणे आवश्यक आहे. नक्षीच्या तयार संग्रहापेक्षा ही सोय जास्त कामाची.

जोडाक्षरांची परीक्षा : विकत घेण्याआधी काही गावांची नावे टंकून पाहणे पुरेसे असते. हरिहरेश्वर (ऱ्हस्व वेलांटी, श्व), श्रीवर्धन (श्री, रफार), म्हसळा (अर्धा म). जोडीला ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हेही टंकावेत. समुद्राचा रफार आणि डोंगरातल्या दऱ्यांचा आडवा ऱ्य यांत फरक दिसला नाही तर ते सॉफ्टवेअर मराठीसाठी नाही. वेलांटी व्यंजनाच्या पुढे सरकते, जोडाक्षराऐवजी पाय मोडलेले अक्षर दिसते, मात्रा हवेत राहते, असे दोष आढळतात ते मुख्यतः यंत्राबरोबर येणाऱ्या प्रणालींच्या मजकूर-चौकटीत. रुइडा नियंत्रकासाठीचे आरडीवर्क्स किंवा फायबर लेझरबरोबर येणारे ईझीकॅड यांकडे यंत्र चालवणारे म्हणूनच पाहावे. अक्षरे दुसरीकडे रचून, कर्व्ह करून, एकसंध करून मगच त्यांत आणावीत.

इंकस्केप या बाबतीत अनपेक्षितपणे भक्कम आहे. २००३ पासून मोफत मिळणारे हे सॉफ्टवेअर अक्षररचनेसाठी पँगो आणि हार्फबझ या खुल्या प्रणाली वापरते, आणि त्या भारतीय लिपी नीट जोडतात. कोरलड्रॉच्या अलीकडच्या आवृत्त्याही युनिकोड देवनागरी सांभाळतात. तरी कोरलभोवती श्रीलिपी, एपीएस, कृतिदेव असे जुने फॉन्ट अजून टिकून आहेत. त्यांत मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असल्याने ग्राहकाने व्हॉट्सअॅपवर पाठवलेले नाव थेट चिकटवता येत नाही, पुन्हा टंकावे लागते, आणि देणगीदारांच्या लांबलचक यादीत शुद्धलेखनाच्या चुका शिरतात त्या इथूनच. युनिकोड फॉन्ट घ्यावेत. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्त आणि बलू मोफत आहेत, आणि बलूची जाड, गोलसर अक्षरे कापकामाला चांगली टिकतात.

फिरत्या टोचीसाठी : येथे सॉफ्टवेअरला खोलीही समजावी लागते. त्रिकोणी टोच जितकी खोल जाईल तितकी रेघ रुंद होते. ९०° च्या टोचीला रेघेच्या रुंदीच्या निम्मी खोली लागते, ६०° च्या टोचीला सुमारे ०.८७ पट. बोरूच्या वळणाच्या अक्षरातला १० मिमीचा उभा दंड ६०° ने कोरायचा तर जवळजवळ ९ मिमी खोल जावे लागेल. १२ मिमीच्या सागवानी फळीत ते जमते, ६ मिमीच्या पाटीत टोच आरपार जाईल. म्हणून खोलीला मर्यादा घालून तळ सपाट करण्याची सोय हवी. व्हेक्ट्रिक कंपनीची व्हीकार्व्ह आणि अॅस्पायर ही सॉफ्टवेअर या कामासाठी जगभर वापरली जातात.

पितळेच्या छोट्या पाट्यांवर एकाच रेघेचे अक्षर लागते, म्हणजे बाह्यरेषा नसलेले, लेखणीच्या एका ओढीसारखे. रोमनसाठी अॅलन हर्शी यांनी १९६०च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत अशी अक्षरे रचली आणि ती आजही सर्वत्र भेटतात. देवनागरीत एकरेषी फॉन्ट फारच थोडे आहेत. ते नसतील तर जाड फॉन्टच्या मधोमध रेघ काढून देणारी सोय वापरतात. तिने जोडाक्षरांचे सांधे विस्कटतात आणि मग हातानेच दुरुस्ती करावी लागते.

इतर लिपी : श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड भागांत उर्दू पाट्यांची कामे येतात. नस्तालिक वळणात अक्षरे तिरकी उतरत जोडली जातात, त्यामुळे ती इनपेजसारख्या स्वतंत्र सॉफ्टवेअरमध्ये रचून बाह्यरेषा म्हणून आणणे सुरक्षित. हिब्रू उजवीकडून डावीकडे जाते पण अक्षरे सुटी असतात, म्हणून तुलनेने सोपी; त्यात आकडे उलटे पडले नाहीत ना एवढे पाहावे.

थळ, नागोठणे, डोलवी, रोहा येथील कारखान्यांसाठी झडपांच्या आणि यंत्रांच्या क्रमांकपट्ट्या कोरणाऱ्याची गरज निराळी असते. तिथे अक्षरसौंदर्य गौण आणि चढते क्रमांक, क्यूआर कोड, तक्त्यातून आपोआप भरला जाणारा मजकूर महत्त्वाचा. लाइटबर्न आणि ईझीकॅड दोन्हींत ही सोय आहे. पोलादावर खूण करायला फायबर लेझर (तरंगलांबी १.०६ मायक्रॉन) लागतो, लाकूड-अॅक्रिलिकचा कार्बन डायऑक्साइड लेझर (१०.६ मायक्रॉन) उघड्या धातूवर निरुपयोगी ठरतो. पीव्हीसी कोणत्याही लेझरखाली घालू नये, कारण त्यातून निघणारा हायड्रोजन क्लोराइड माणसाला आणि यंत्राला सारखाच घातक असतो.

देवाणघेवाण व परवाना : आरेखन आणि यंत्र यांच्यात फाइल जाताना माप बिघडू शकते. इंकस्केपने ०.९२ आवृत्तीत इंचाला ९० ऐवजी ९६ बिंदू धरायला सुरुवात केली. जुनी एसव्हीजी फाइल नव्या हिशेबाने उघडली तर २०० मिमीची पाटी १८७.५ मिमीची होते. प्रत्येक फाइलमध्ये १०० मिमीचा एक चौकोन ठेवून यंत्राच्या पडद्यावर तो मोजणे हा सर्वांत स्वस्त उपाय.

वर्गणीवर चालणारी सॉफ्टवेअर ठरावीक काळाने इंटरनेटवरून परवाना तपासतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळल्यावर श्रीवर्धन-मुरुड भागात वीज आणि मोबाइल अनेक दिवस बंद होते. जनित्रावर यंत्र चालवता येते, परवान्याची तपासणी त्यावर होत नाही. लाइटबर्नसारख्या सॉफ्टवेअरचा परवाना कायम राहतो, फक्त नव्या आवृत्त्या ठरावीक मुदतीपुरत्या मिळतात. किनाऱ्यावर हा व्यवहार जास्त सोयीचा. चोरीची प्रत वापरण्याबाबत कायदा सौम्य नाही : प्रताधिकार अधिनियम, १९५७ मधील कलम ६३-ब नुसार जाणूनबुजून अशी प्रत वापरल्यास ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे.

पैसे भरून घेतलेले सॉफ्टवेअरही बंद पडू शकते. उठावाच्या कोरीवकामासाठी सुतार आणि सोनार दोघांनाही परिचित असलेले आर्टकॅम ऑटोडेस्कने २०१८ मध्ये बंद केले. त्याचा वारसा कार्वेको या नावाने चालू आहे, परंतु ज्यांनी नक्ष्या फक्त आर्टकॅमच्या स्वरूपात जपल्या होत्या त्यांना त्या उघडण्यासाठी कार्वेको घ्यावे लागले किंवा जुना संगणक राखून ठेवावा लागला. सपाट कामाची एसव्हीजी आणि उठावाच्या कामाची एसटीएल प्रत ग्राहकाच्या नावासह वेगळी साठवली तर ही वेळ येत नाही.