कर्ज दुसऱ्याचं, नोटीस तुम्हाला: जामीनदाराची जबाबदारी नेमकी किती?

"फक्त एक सही लागेल, हप्ते मीच भरणार आहे." पतसंस्थेचं किंवा बँकेचं कर्ज काढताना नातेवाईक, शेजारी किंवा ऑफिसातला सहकारी असं म्हणतो आणि भिडेपोटी सही केली जाते. पुढे हप्ते थकले की वसुलीची नोटीस कर्जदाराबरोबर जामीनदाराच्या घरीही येते. "मी एक रुपयाही घेतलेला नाही, मग मी का भरू?" हा प्रश्न तेव्हा पडतो. कायद्याचं उत्तर सही करण्याआधीच माहीत असलेलं बरं.

जामीनदार म्हणजे साक्षीदार नव्हे

साक्षीदाराची सही फक्त व्यवहार झाल्याचा पुरावा असते. जामीनदाराची सही हा स्वतंत्र करार असतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२६ नुसार, कर्जदाराने पैसे फेडले नाहीत तर ते आपण फेडू, अशी हमी जामीनदार देतो.

कलम १२८ त्याहून महत्त्वाचं आहे. करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. म्हणजे मुद्दल, व्याज आणि करारात असेल तर दंडव्याजसुद्धा.

बँकेने आधी कर्जदाराकडे जायला नको का?

सर्वात मोठा गैरसमज इथेच आहे. "आधी त्याची मालमत्ता विका, मग माझ्याकडे या" असं जामीनदाराला हक्काने म्हणता येत नाही.

बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात खालच्या न्यायालयाने बँकेला आधी कर्जदाराकडून वसुलीचे सगळे मार्ग वापरायला सांगितलं होतं. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अट काढून टाकली. धनकोला थांबायला लावलं तर हमी घेण्याचा उद्देशच संपतो, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. त्यामुळे बँक दोघांवर एकदम किंवा थेट जामीनदारावरही कारवाई करू शकते. नोकरदार जामीनदाराकडून वसुली सोपी असते, म्हणून अनेकदा तसंच होतं.

पतसंस्थेचा '१०१ चा दाखला' काय असतो?

महाराष्ट्रातल्या पतसंस्था आणि नागरी सहकारी बँकांना थकबाकीसाठी दिवाणी दावा लावावाच लागतो असं नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली त्या निबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज करतात. दाखला मिळाला की वसुली अधिकारी जप्तीची कारवाई सुरू करू शकतो.

या अर्जाच्या चौकशीत जामीनदारालाही म्हणणं मांडण्याची संधी असते. ती सोडू नये. कारण दाखल्याविरुद्ध कलम १५४ खाली पुनरीक्षण अर्ज करायचा झाला, तर वसूलपात्र रकमेच्या ५० टक्के रक्कम आधी भरावी लागते.

पगार किती जप्त होऊ शकतो?

दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यात संपूर्ण पगार जप्त होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन तृतीयांश भाग सुरक्षित असतो. जप्तीसाठी धरायचा पगार ३१,००० रुपये असेल, तर जास्तीत जास्त १०,००० रुपये कापले जाऊ शकतात. एकाच हुकूमनाम्यासाठी अशी कपात एकूण २४ महिन्यांपेक्षा जास्त चालत नाही. भविष्य निर्वाह निधीलाही संरक्षण आहे.

मात्र जामीनदाराने स्वतःचं घर तारण दिलं असेल, तर बँक सरफेसी कायद्याखाली, न्यायालयात दावा न लावताही, त्या घरावर कारवाई करू शकते.

जामीनदाराचे हक्क कोणते?

- पैसे परत मिळवणं: जामीनदाराने कर्ज फेडलं, तर कलम १४० नुसार बँकेचे कर्जदाराविरुद्धचे हक्क त्याच्याकडे येतात. कलम १४५ नुसार त्याने योग्यपणे भरलेली रक्कम तो कर्जदाराकडून मागू शकतो.
- तारणाचा फायदा: बँकेने जामीनदाराच्या संमतीशिवाय कर्जदाराचं तारण सोडून दिलं, तर तेवढ्या किमतीपुरती जामीनदाराची सुटका होते (कलम १४१).
- समान वाटा: एकाच कर्जाला दोन जामीनदार असतील आणि वेगळं ठरलेलं नसेल, तर आपसात दोघांवर सारखा भार येतो (कलम १४६). बँक मात्र एकाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकते.
- परस्पर बदल: कराराच्या अटी जामीनदाराला न विचारता बदलल्या, तर बदलानंतरच्या व्यवहारांतून तो मुक्त होतो (कलम १३३). पण अनेक छापील हमीपत्रांत अशा बदलांना आधीच संमती लिहिलेली असते.

मध्येच जामीन काढून घेता येतो का?

एकदा दिलेल्या मुदत कर्जाचा जामीन एकतर्फी मागे घेता येत नाही. बँक दुसरा जामीनदार स्वीकारून लेखी मुक्त करायला तयार असेल, तरच सुटका होते. कॅश क्रेडिटसारख्या चालू हमीत नोटीस देऊन पुढच्या व्यवहारांपुरती हमी थांबवता येते (कलम १३०). आधीची बाकी तशीच राहते. जामीनदाराचा मृत्यू झाला तरी ती बाकी संपत नाही. वारसांची जबाबदारी मात्र वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते.

सही करण्यापूर्वी काय पाहावं?

- कोऱ्या फॉर्मवर किंवा कोऱ्या चेकवर सही करू नये.
- हमी ठरावीक रकमेपुरती आहे की 'सर्व देण्यांसाठी' आहे, ते वाचावं. मर्यादा लिहून घेता येते.
- पगारातून परस्पर कपातीचं संमतीपत्र कागदांत आहे का, ते तपासावं.
- हमीपत्र आणि कर्जमंजुरी पत्राची प्रत मागून घ्यावी.
- कर्ज चालू असताना खात्याचा उतारा अधूनमधून पाहावा. थकलेलं कर्ज जामीनदाराच्या क्रेडिट अहवालातही दिसू शकतं.

नोटीस आलीच, तर ती न स्वीकारता परत पाठवून कारवाई थांबत नाही. खातेउतारा मागवावा, मुदतीत लेखी उत्तर द्यावं आणि वकिलाचा सल्ला घ्यावा. तडजोडीत रक्कम भरली, तर ती कोणत्या कर्जापोटी भरली याची पावती आणि थकबाकी नसल्याचा दाखला घ्यावा. उद्या कर्जदाराकडून ते पैसे वसूल करताना हेच कागद पुरावा ठरतात.