उस्मानपुरा परिसरातील महाविद्यालये : हजेरीपटापासून संगणकापर्यंत

क्रांती चौकाकडून रेल्वे स्थानकाकडे जाताना उस्मानपुरा लागतो. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, शासकीय तंत्रनिकेतन आणि मराठवाडा शिक्षण प्रसारक मंडळाचे देवगिरी महाविद्यालय याच परिसरात, स्टेशन रस्त्याच्या आसऱ्याने वाढले. त्यांच्यामागोमाग वसतिगृहे आली, खानावळी आल्या, शिकवणी वर्ग आले. जून महिना उजाडला की बीड, जालना, परभणी, हिंगोलीकडून आलेली मुले हातात कागदांची पिशवी घेऊन येथील रस्त्यांवर दिसू लागतात. संगणक आला आणि शिक्षण बदलले, असे ढोबळपणे बोलले जाते. प्रत्यक्षात बदलाचा क्रम वेगळा होता. आधी कार्यालय बदलले, मग ग्रंथालय, आणि वर्गखोली सर्वांत शेवटी. पिशवी घेऊन आलेल्या त्या मुलाचे काम या काळात किती सोपे झाले, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही.

मराठवाड्यात उच्च शिक्षणाचा पायाच उशिरा घातला गेला. निजामी राजवटीत १९१८ साली हैदराबादेस स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. औरंगाबादेत १९२३ मध्ये इंटरमिजिएट महाविद्यालय निघाले, परंतु मराठी बोलणाऱ्या खेड्यातील मुलाला ते दूरचेच वाटे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने येथे महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले आणि परीक्षेसाठी हैदराबादकडे पाहण्याची गरज संपली. १९६० साली शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय व देवगिरी महाविद्यालय सुरू झाले. अवघ्या बारा वर्षांत घडलेली ही उभारणी आहे. ज्या घरांत कोणी मॅट्रिकही झाले नव्हते, त्या घरांतील मुले या वर्गांत येऊन बसली.

त्या काळचे कार्यालय म्हणजे जाडजूड रजिस्टरे. जनरल रजिस्टर, कॅशबुक, फी पावती पुस्तक, दाखल्यांची बुके आणि प्राध्यापकांचे हजेरीपट यांवर सारा व्यवहार चाले. मराठी टंकलेखन यंत्रावर एकाच वेळी चार प्रती काढायच्या तर मध्ये कार्बन पेपर घालावा लागे, आणि चौथी प्रत वाचण्यासाठी ती उजेडाकडे धरावी लागे. चाचणी परीक्षेच्या प्रश्नपत्रिका स्टेन्सिलवर कापून सायक्लोस्टाइल होत. त्या शाईचा वास आणि हाताला लागलेला काळा डाग त्या पिढीच्या चांगला परिचयाचा आहे. या पद्धतीला आज कोणी हसेल, परंतु तिच्यात एक गुण होता. खिडकीपलीकडील लिपिकास सारे ठाऊक असे. कोणाचे उत्पन्नाचे प्रमाणपत्र यावयाचे आहे, कोणाचा दाखला अडला आहे, हे तो रजिस्टर न उघडता सांगू शके. दोष असा की तो रजेवर गेला की महाविद्यालयही जणू रजेवर जाई.

संगणक प्रथम तंत्रशिक्षणाच्या दारी आला, हे स्वाभाविकच होते. कला-वाणिज्य महाविद्यालयांच्या कार्यालयांत तो साधारणतः १९९० नंतरच्या दशकात शिरला आणि पहिला अडसर निघाला लिपीचा. भारतीय लिपींसाठीची संकेतप्रणाली, म्हणजे इस्की, १९९१ मध्ये राष्ट्रीय मानक म्हणून जाहीर झाली होती. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही निघाली. प्रत्यक्ष टेबलावर मात्र दोन्हींचा मागमूस नव्हता. प्रत्येक कंपनीचा फाँट निराळा, त्याची आतली मांडणी निराळी. महाविद्यालयात टंकित केलेले पत्र चकतीवरून दुसऱ्या कार्यालयात उघडावे, तर मराठीऐवजी चिन्हांची खिचडी दिसे. अखेर पत्र छापूनच पाठवावे लागे. त्यातच टंकलेखन यंत्रावर रेमिंग्टन पद्धतीत बोटे बसलेल्या लिपिकास इनस्क्रिप्टचा कळफलक परका वाटे. नवे यंत्र आल्यावर जुने कर्मचारी मागे पडले, असे जे म्हटले गेले ते अन्यायाचे आहे. यंत्रालाच त्यांची भाषा नीट येत नव्हती. विंडोजमध्ये युनिकोड देवनागरी २००० सालापासून आली, तरी जुने फाँट कार्यालयांतून हलायला पुढे बरीच वर्षे लागली.

२००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले. त्याचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम आला, शासकीय सेवेसाठी संगणक अर्हता आवश्यक ठरली, आणि पन्नाशीच्या घरातील कर्मचारी आपल्या मुलांच्या वयाच्या प्रशिक्षकांसमोर बसून शिकले. १९९४ साली स्थापन झालेल्या ‘नॅक’च्या मूल्यांकनानेही महाविद्यालयांना आकडेवारी नीट ठेवण्याची निकड लावली. ग्रंथालयांत दाखल नोंदवहीतील नोंदी संगणकात गेल्या. २०१० मध्ये इन्फ्लिबनेटची एन-लिस्ट योजना आली आणि जिल्ह्याच्या गावातील महाविद्यालयालाही हजारो इलेक्ट्रॉनिक पुस्तके व नियतकालिके खुली झाली. या साऱ्या प्रवासात भारनियमन होतेच. वीज गेली की इन्व्हर्टरवर प्राचार्यांचा संगणक चाले, विद्यार्थ्यांची प्रयोगशाळा नव्हे.

अध्यापनात तंत्र आणण्याचे प्रयत्न त्याआधीचे आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ सुरू केले. कार्यक्रम प्रामुख्याने इंग्रजीत आणि दुपारी. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला त्याचा उपयोग बेताचाच. २० सप्टेंबर २००४ रोजी एज्युसॅट हा शिक्षणासाठीचा उपग्रह अवकाशात गेला. यापेक्षा मुळाशी जाणारा विचार १९८९ मध्ये नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने केला. प्रथम कुलगुरू डॉ. राम ताकवले यांनी उपकरणापेक्षा स्वयंअध्ययनाच्या मराठी पाठ्यपुस्तकावर भर दिला. नोकरी करणारा, शिक्षण अर्धवट सुटलेला माणूस डोळ्यांपुढे ठेवून त्या पुस्तकांची रचना झाली. अमेरिकेत १९०१ साली जोलिएट येथून सुरू झालेल्या सामुदायिक महाविद्यालयांचा हेतू याहून फार वेगळा नव्हता. आपल्याकडे बाराव्या पंचवार्षिक योजनेत आयोगाने त्याच नावाची योजना आणली. मराठवाड्यात मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रांनी ते काम नाव न घेता आधीच आरंभले होते.

मग ऑनलाइन अर्ज आले. प्रवेश, परीक्षा, पुनर्मूल्यांकन, वसतिगृह, एकेक करून सारेच. विद्यार्थ्याला कायम नोंदणी क्रमांक मिळाला आणि नावाआधी क्रमांक विचारला जाऊ लागला. २०१७-१८ च्या सुमारास शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर गेले. रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात थेट जमा होऊ लागली, मधली टक्केवारी आणि विलंबाची तक्रार पुष्कळ कमी झाली; हा लाभ मोठा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. परंतु महाविद्यालयाच्या खिडकीसमोरील रांग विरळ झाली, तेव्हा ती नेट कॅफेसमोर लागली. खिडकीवर अर्ज विनामूल्य घेतला जाई. कॅफेत प्रत्येक अर्जाचे पैसे पडतात. शिवाय नावातील एका अक्षराचा फरक लिपिक समजून घेई, संकेतस्थळ घेत नाही. कार्यालयाचा जेवढा वेळ वाचला, त्यातला बराच विद्यार्थ्याच्या खात्यावर खर्ची पडला.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि ज्या वर्गखोलीत यंत्र तीस वर्षांत नीट शिरले नव्हते, ती वर्गखोलीच यंत्रात गेली. उस्मानपुऱ्यातील वसतिगृहे रिकामी झाली. आयुष्यभर खडू-फळ्यावर शिकविलेले प्राध्यापक आठवड्याभरात भ्रमणध्वनीसमोर उभे राहिले. गावी परतलेली मुले रेंजसाठी शेताच्या बांधावर जात. एका घरात एक फोन आणि शिकणारी दोन भावंडे, असेही होते. ऑक्टोबर २०२० मध्ये अंतिम वर्षाच्या परीक्षा बहुपर्यायी स्वरूपात झाल्या. महाविद्यालये पुन्हा भरली ती २० ऑक्टोबर २०२१ रोजी. त्या काळात ध्वनिमुद्रित केलेली मराठी व्याख्याने आज अनेक विभागांच्या संग्रही आहेत, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री ती पुन्हा ऐकली जातात.

२०२१ मध्ये श्रेयांक बँक सुरू झाली आणि विद्यार्थ्याचे श्रेयांक आता तेथे जमा होतात. काही महाविद्यालयांनी प्रवेशाच्या दिवसांत आपल्याच संगणक कक्षात अर्ज भरून देण्याची सोय केली आहे, तेथे वरच्या वर्गाची मुले बसतात. गावाकडून आलेला मुलगा पिशवीतून कागद काढतो, आणि समोरचा विद्यार्थी आधी त्याचे आधारवरचे नाव व दाखल्यावरचे नाव ताडून पाहतो.