हिंगणघाटचा लॅम्बटन आणि मित्राचा थरथरता ड्रोन

मागच्या रविवारी हिंगणघाटजवळ मित्राच्या शेतावर गेलो होतो. त्याच्या बाबांनी शेत विकायचं ठरवलंय, रजिस्ट्री पुढच्या सोमवारी. त्याआधी विहीर, बांध, आंबा, सगळं वरून एकदा शूट करून ठेवू म्हणून त्याने ड्रोन आणला. लॅपटॉपवर व्हिडिओ लावला, तर सरळ बांध सापासारखे वळवळत होते. "अबे, हे तर जेलीसारखं हलून राहिलं!" मित्र वैतागला. बाबा काहीच बोलले नाहीत.

घरी येताना आठवलं, याच हिंगणघाटात 20 जानेवारी 1823 ला विल्यम लॅम्बटन वारला. 1802 मध्ये मद्रासपासून भारत मोजायला निघालेला माणूस. नागपूरच्या झिरो माईलवर जी.टी.एस. लिहिलंय ना, तो ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे त्याच्याच कामातून उभा राहिला. त्याचा थिओडोलाइट सुमारे अर्ध्या टनाचा! 1808 मध्ये तंजावरच्या देवळावर चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळलं. पठ्ठ्याने ते स्वतः दुरुस्त केलं.

पुढे काम आलं जॉर्ज एव्हरेस्टकडे. उत्तरेच्या सपाट मैदानात डोंगर नाहीत, मग यंत्र ठेवायचं कुठे? 1830 च्या दशकात त्याने उंच पक्के मनोरे बांधले. पण मनोऱ्यावर माणूस चालला की यंत्र हलणार, आणि कोनात बारीकशी चूक झाली तरी मैलोगणती अंतरावर ती केवढी होईल! उपाय साधा होता. मधोमध एक खांब, त्यावर फक्त यंत्र. निरीक्षक उभा राहणार भोवतीच्या वेगळ्या चौथऱ्यावर. दोघांमध्ये फट. पावलांचा धक्का फट ओलांडत नाही.

ड्रोनमध्ये जमीनच नाही, मग खांब कुठला? तिथे फटीचं काम मऊ रबराचे डॅम्पर करतात. गिंबल म्हणजे कड्यात कडं ही युक्ती तर फार जुनी. जहाज कितीही डोललं तरी होकायंत्र त्यामुळेच सपाट राहायचं. आता कड्यांच्या जोडीला जायरो सेन्सर आणि छोट्या मोटर आल्या. पण मंडळी, गिंबल सावरतो ते सावकाश डोलणं. बारीक, वेगवान थरथर त्याच्या आवाक्याबाहेरची.

हिशेब करून बघा. पंखा मिनिटाला 6000 फेरे मारत असेल तर सेकंदाला 100. एक पातं जरा जड असलं की सेकंदाला 100 झटके. कॅमेरा फ्रेम वरून खाली ओळीओळीने वाचतो. त्याला समजा 1/50 सेकंद लागला, तर तेवढ्यात कॅमेरा दोनदा हलून आलेला असतो. म्हणून सरळ बांधाला दोन लाटा. हीच ती 'जेली'.

शनिवारी परत ड्रोन उघडला. एका पात्याची कड तुटलेली. आणि डॅम्पर? "ते लय लोंबत होते, म्हणून मी चिकटपट्टी लावून घट्ट केले," मित्र म्हणाला. म्हणजे एव्हरेस्टने मुद्दाम ठेवलेली फट आमच्या इंजिनिअरने बुजवून टाकली होती! घट्ट म्हणजे मजबूत, हे आपल्या डोक्यात इतकं बसलंय... असो.

पट्टी काढली, चारही पंखे नवे लावले, ड्रोन ओट्यावर सपाट ठेवून गिंबल कॅलिब्रेट केला. क्रम लक्षात ठेवा: आधी पंखे, मग डॅम्पर, मग कॅलिब्रेशन. सॉफ्टवेअरवाले आपण नेमके शेवटापासून सुरू करतो.

संध्याकाळी बांध सरळ आले. बाबांनी व्हिडिओ तीनदा बघितला आणि विचारलं, "ही विहीर जवळून घेता येते का रे?"

बॅटरी 20 टक्के उरली होती. घेतली.