गाडीचा एसी गरम हवा फेकतोय? गॅस भरण्याआधी या गोष्टी तपासा

उमरगा : एप्रिल-मे महिन्यातलं ऊन, तव्यासारखा तापलेला सोलापूर-हैदराबाद महामार्ग आणि गाडीत दवाखान्याला निघालेलं म्हातारं माणूस. अशा वेळी एसीतून गरम वारं यायला लागलं की जीव मेटाकुटीला येतो. मग दिसेल त्या गॅरेजवर गाडी लागते आणि अनेकदा तपासणी न होताच सांगितलं जातं, ‘गॅस संपलाय, भरावा लागेल.’

मात्र एसीचा गॅस डिझेलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून पुन्हा पुन्हा फिरत राहतो. एका हंगामात तो कमी झाला, तर कुठून तरी गळतोय हे नक्की. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं. शिवाय दर वेळी दोष गॅसचाच असतो असंही नाही.

एसी गार कसा करतो?

इंजिनच्या बेल्टवर फिरणारा कॉम्प्रेसर गॅस दाबतो, त्यामुळे गॅस तापतो. हा गॅस रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरच्या जाळीत जातो, तिथे उष्णता बाहेर टाकतो आणि पातळ होतो. पुढे डॅशबोर्डमागच्या कुलिंग कॉइलमध्ये तो पसरतो आणि कॉइल थंडगार होते. ब्लोअर त्या कॉइलवरून हवा आत ढकलतो. यातली एक कडी तुटली तरी हवा गरमच येणार.

दहा मिनिटांत घरी करता येणारी तपासणी

गाडी मोकळ्या जागेत, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून उभी करावी. बोनेट उघडल्यावर हात, उपरणं, ओढणी बेल्ट आणि फॅनपासून लांब ठेवावी. फॅन अचानक सुरू होतो.

१. तापमानाचं बटण पूर्ण निळ्या बाजूला आहे का आणि आतलीच हवा फिरवण्याचं बटण दाबलेलं आहे का, ते पाहावं. बाहेरची तापलेली हवा आत येत असेल तर एसी कमीच पडतो.

२. दुसऱ्या माणसाला एसी चालू-बंद करायला सांगावं. बऱ्याच गाड्यांत कॉम्प्रेसरचा क्लच ‘टक्’ असा वाजतो आणि पुलीचा पुढचा भाग फिरू लागतो. तसं झालं नाही तर आधी फ्यूज आणि रिले तपासावा. काही नव्या गाड्यांत असा क्लच नसतो, हेही लक्षात ठेवावं.

३. एसी चालू असताना कंडेन्सरचा फॅन फिरतो का, ते बघावं.

४. कंडेन्सरची जाळी बघावी. धुरळा, किडे आणि तुरी-हरभऱ्याच्या मळणीचा भुसा तिच्यात अडकलेला असतो. इंजिन बंद करून, गार झाल्यावर साध्या नळाच्या पाण्याने जाळी धुवावी. वॉशिंगच्या जोरदार फवाऱ्याने तिची नाजूक पाती वाकतात.

५. केबिन फिल्टर काढून पाहावा. बहुतेक गाड्यांत तो डाव्या बाजूच्या खणामागे असतो. मातीने भरलेला असेल तर बदलावा.

लक्षणावरून दोष ओळखा

• गाडी पळताना गार, उभी राहिली की गरम : फॅन बंद किंवा कंडेन्सर तुंबलेला.

• हवाच कमी येते : फिल्टर तुंबलेला किंवा ब्लोअर कमजोर.

• सुरुवातीला गार, अर्ध्या तासाने हवा कमी होते, एसी थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा सुरळीत : कुलिंग कॉइलवर बर्फ धरतोय.

• गारवा हळूहळू महिन्या-दोन महिन्यांत कमी झाला : गॅसची गळती. नळ्यांच्या जोडावर किंवा कंडेन्सरवर तेलकट डाग, त्यावर चिकटलेली माती ही तिची खूण.

• एसी लावताच घरघर किंवा खरखर आवाज : कॉम्प्रेसरचं बेअरिंग. एसी लगेच बंद करावा.

• कॉम्प्रेसर, फॅन सगळं ठीक, तरी गरम : हीटरची झडप अडकलेली असू शकते.

गॅरेजमध्ये काय विचारावं?

गळती कुठे आहे, ते आधी दाखवायला सांगावं. दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतली हवा आणि ओल काढली पाहिजे. याला साधारण अर्धा तास लागतो. ही पायरी टाळली तर नवा गॅस भरूनही एसी नीट चालत नाही. गॅसचा प्रकार आणि वजन बोनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. लहान गाड्यांत ते अर्ध्या किलोच्या आसपासच असतं. ‘थोडा जास्त भरा’ म्हणू नये, गॅस जास्त झाला तरी गारवा घटतो.

एसीची नळी स्वतः कधीच खोलू नये. आर-१३४ए हा गॅस उणे २६ अंशालाच उकळतो, त्यामुळे अंगावर उडाला तर कातडी आणि डोळ्यांना इजा होते. स्वस्त पडतो म्हणून स्वयंपाकाचा गॅस भरून घेणं तर जिवावरचं आहे. तो पेट घेतो आणि गळती झाली तर गाडीतच साठतो.

थंडीतही आठवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी चालवावा. आतलं तेल फिरत राहतं, सील सुकत नाहीत. उन्हात उभ्या गाडीत बसताना आधी काचा खाली घेऊन कोंडलेली गरम हवा जाऊ द्यावी, मगच एसी लावावा. आणि एसी कितीही चांगला असला तरी लेकराला बंद गाडीत एकटं सोडू नये. इंजिन बंद पडलं की काही मिनिटांतच गाडीची भट्टी होते.