हवा बदलली की यंत्र?

गॅस अ‍ॅनलायझर सांभाळणाऱ्याला एक प्रश्न रोज पडतो : आकडा हलला, तो वायूमुळे की यंत्रामुळे? सिमेंटच्या भट्टीवर मी या प्रश्नात बरीच वर्षं घालवली. तिथे उत्तर चुकलं तर फार तर शिफ्टवाल्याची बोलणी बसायची. १९५८ साली हवाईतल्या मौना लोआ पर्वतावर हाच प्रश्न चार्ल्स डेव्हिड कीलिंगपुढे आला, तेव्हा साऱ्या पृथ्वीच्या हवेबद्दलचा निष्कर्ष त्यावर टांगलेला होता.

त्याचं यंत्र आमच्याच घराण्यातलं. १९३०च्या दशकात जर्मनीतल्या आय. जी. फार्बेनमध्ये, रसायन कारखान्यांच्या गरजेतून, हे घराणं रुजलं. कार्बन डायऑक्साइड अवरक्त किरण शोषतो. नळीतून जाताना किती किरण हरवले, त्यावरून प्रमाण कळतं. पण खरं सांगायचं तर हे यंत्र मोजत नाही, तुलना करतं. शेजारी प्रमाण ठाऊक असलेल्या वायूचा सिलिंडर नसेल, तर कागदावरची रेघ ही नुसती रेघ! आणि सिलिंडरचं प्रमाण कोण ठरवणार? कीलिंगने त्यासाठी पाऱ्याचा दाबमापक वापरला. ठरावीक आकारमानाच्या हवेतला कार्बन डायऑक्साइड थंडीने गोठवून वेगळा काढायचा आणि मग त्याचा दाब मोजायचा. संथ, कंटाळवाणं काम. सगळी इमारत मात्र त्यावरच उभी.

मार्चमध्ये पहिला आकडा आला, सुमारे ३१३ पीपीएम. अपेक्षेइतकाच. एप्रिलमध्ये तो चढला, मेमध्ये आणखी. मग वीज गेली, यंत्र बंद पडलं. जुलैमध्ये पुन्हा सुरू झालं तर आकडा मार्चच्याही खाली. माझ्यासारख्याने मुकाट्याने स्पॅनचा स्क्रू फिरवला असता. कीलिंगही धास्तावला होता; पण संदर्भवायूवर त्याचा भरवसा होता, म्हणून त्याने आकडे तसेच राहू दिले. हिवाळ्याच्या तोंडावर ते पुन्हा चढू लागले. उत्तर गोलार्धातली झाडं उन्हाळ्यात कार्बन डायऑक्साइड ओढून घेत होती आणि पुढे तो परत सोडत होती. बिघाड वाटला तो ऋतू होता.

खरी चूक वेगळ्याच जागी निघाली, आणि तीही १९७०च्या दशकात. संदर्भ सिलिंडरांत कार्बन डायऑक्साइड नायट्रोजनमध्ये मिसळलेला होता. हवेत मात्र ऑक्सिजनही असतो. रेणूंच्या टकरांनी शोषणाच्या रेषा रुंदावतात, पण ऑक्सिजनच्या टकरांनी नायट्रोजनपेक्षा कमी. म्हणजे प्रमाण तेच असूनही यंत्राला हवेतला कार्बन डायऑक्साइड थोडा कमी दिसे. फरक काही पीपीएमचा, पण वर्षाची वाढच तेव्हा एखाद्या पीपीएमची. जुने आकडे हिशेबाने दुरुस्त करावे लागले. ते करता आलं, कारण मूळ नोंदी जपलेल्या होत्या. आमच्याकडे स्पॅन बदलल्याची नोंद ठेवायचा आग्रह धरला की लोक हसायचे.

ते यंत्र मौना लोआवर २००६पर्यंत चाललं. आलेखात १९६४च्या वसंतात मात्र एक फट आहे. तेव्हा यंत्र बिघडलं नव्हतं, अनुदान कापलं गेलं होतं.