तीस डॉलरचं भांडण कोण सोडवणार?

१९५८ साली न्यूयॉर्क करार झाला. एका देशातल्या लवादाने दिलेला निवाडा दुसऱ्या देशातल्या कोर्टाने अमलात आणायचा, ही सोय त्यातून झाली. त्यातली एक अट: लवादाचा करार लेखी हवा. लेखी म्हणजे सह्यांचा कागद, किंवा एकमेकांना पाठवलेली पत्रं आणि तारा. हा सगळा मामला जहाजभर माल मागवणाऱ्यांचा. परदेशातून मागवलेला हेडफोन बंद निघाला तर काय, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडणंच शक्य नव्हतं.

इंटरनेट आल्यावर तो पडला. १९९६ साली अमेरिकेत ‘व्हर्च्युअल मॅजिस्ट्रेट’ नावाने ईमेलवरचा लवाद सुरू झाला. पहिल्याच प्रकरणात समोरची बाजू फिरकलीच नाही.

१९९९ मध्ये ईबेने मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या ईथन कॅट्श यांच्या केंद्राला गाठलं. त्यांनी काही आठवड्यांत सुमारे २०० तक्रारी ईमेलवरून हाताळल्या. पुढे ‘स्क्वेअरट्रेड’ने हे काम सॉफ्टवेअरवर नेलं. रागाने लांबलचक लिहिण्याऐवजी समोर फॉर्म यायचा: काय बिघडलं आणि तुम्हाला काय हवंय? बरीच भांडणं तिथेच मिटायची, कारण निम्मा राग लिहिण्यातच वाढतो. नंतर ईबेच्या व्यवस्थेतून वर्षाला सुमारे ६ कोटी तक्रारी जाऊ लागल्या. मला यातली खरी गोम वेगळी वाटते. पेपाल ईबेच्याच मालकीची झाली होती, म्हणजे पैशांची वाट कंपनीच्या हातात होती. निकाल अमलात आणायला कोर्टाची गरजच उरली नाही.

पण प्रत्येक दुकान काही ईबे नसतं. म्हणून २०१० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाने सीमापार छोट्या खरेदीसाठी नियम लिहायला घेतले: आधी आपसात बोलणी, मग मध्यस्थ, शेवटी लवाद. गाडी अडकली ती शेवटच्या पायरीवर.

खरेदी करताना ‘आय ॲग्री’ दाबलं, तर पुढे कोर्टात जायचा हक्क गेला का? अमेरिका म्हणे, हो. २०११ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘फुकट’ फोनवर ३०.२२ डॉलर कर लावल्याच्या प्रकरणात कंपनीचं लवादाचं कलम उचलून धरलं होतं. युरोप म्हणे, भांडण उभं राहण्याआधी घेतलेली अशी संमती ग्राहकाला बांधत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१८ मध्ये एका बिल्डरच्या प्रकरणात सांगितलं, की करारात लवादाचं कलम असलं तरी ग्राहक मंचाचं दार बंद होत नाही. माझा कौल याच बाजूला. जे कलम कुणी वाचतच नाही, त्याला संमती कसं म्हणायचं?

आयोगात मात्र यावर वर्षानुवर्षं घोळ चालला. २०१६ मध्ये हाती आली ती बंधन नसलेली ‘तांत्रिक टिपणं’. लवादाची शेवटची पायरी नेमकी कशी असावी, हे त्यांत ठरवलेलंच नाही.

त्याच वर्षी १५ फेब्रुवारीला युरोपियन युनियनने ग्राहकांसाठी तक्रारींचं स्वतःचं पोर्टल उघडलं. सगळ्या सदस्यदेशांच्या भाषांत तक्रार करता यायची. पण विक्रेत्याने उत्तर दिलंच पाहिजे असं बंधन नव्हतं. ३० दिवसांत दोन्ही बाजूंचं तक्रार कुठे न्यायची यावर एकमत झालं नाही, तर ती आपोआप बंद व्हायची, आणि बहुतेक तक्रारींचं तेच झालं. २० जुलै २०२५ ला पोर्टलच बंद करण्यात आलं.